किटलीवरची चाळीस पानं

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भाचीचा (वय एकतीस, अजून शिकतेच आहे) साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी लिहिते की तुम्ही जिने टाळता, पण पत्त्यांचा डाव तिसऱ्या मजल्यावर असला की गुडघ्याला विसरता. असो. माझी तब्येत ठणठणीत. अब्रूचं मात्र विचारू नका.

तुम्ही दर पत्रात विचारता, ही नेमकं करते काय? तर दोन्ही अमेरिकांमधल्या साहित्यात माणसाच्या कातडीच्या रंगाबद्दल कोणी, काय आणि का लिहिलं, हे मी सहा वर्षं शोधतेय. त्यासाठी आमच्या सरांनी मला शंभर वर्षांपूर्वीचं एक हस्तलिखित मासिक दाखवलं. इथे अमेरिकेतल्या गोदीत राबणाऱ्या काळ्या हमालांनी काढलेलं. त्यात एक निनावी कविता: 'काळी माझी, रोज जळतेस, तू रडलीस की घर उठतं.' मामा, या दोन ओळींवर मी चाळीस पानं लिहिली! गुलामीतून सुटलेली आई, तिचे अश्रू, धूर म्हणजेच इतिहास (हे वाक्य तर मी मोठ्याने वाचून बघायची). गुरुवारी ते प्रकरण प्रबंधाच्या समितीपुढे मांडायचं होतं.

मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात, पुस्तकं बांधणाऱ्या बाईंकडे ते मासिक डागडुजीला द्यायला गेले. बाई सत्तरीच्या, त्याच हमालांच्या वस्तीतल्या, बोटं कायम खळीने चिकट. मी कौतुकाने कविता दाखवली, तर त्या इतक्या हसल्या की चष्मा खळीत पडला.

"अगं, हे कोडं आहे! आजी आम्हाला घालायची. उत्तर किटली! काजळीने काळी, रोज चुलीवर जळते, आणि तिची शिटी वाजली की घर जागं होतं."

मी मटकन खुर्चीत बसले (तिथे खुर्ची नव्हती, हे नंतर कळलं). बाईंनी मला उठवलं, धूळ झटकली आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं आम्हाला कायम रडतानाच का वाचता? दिवसभर ओझी वाहून आमची माणसं घरी येऊन हसायचीसुद्धा."

गुरुवारी समितीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सरांचा चेहरा पडला, कारण वीस वर्षं ते वर्गात हीच कविता वाचून डोळे पुसत आलेत. ते म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं चहाच्या भांड्यासाठी रडलो?" मग मात्र कोणालाच हसू आवरेना, सरांनासुद्धा. जुनं प्रकरण बाद झालं, नवं मंजूर झालं: त्या लोकांच्या हसण्यावर. बाईंना आणखी अकरा कोडी पाठ आहेत. मी रोज तळघरात बसून उतरवून घेते. अर्धी मला सुटत नाहीत आणि बाई उत्तर सांगत नाहीत.

मामीला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला सक्त ताकीद.

तुमची,
भाची

ता. क. प्रबंधाला आणखी दीड वर्ष लागेल. आईला तुम्हीच सांगा, शक्यतो तिचं जेवण झाल्यावर.

ता. क. दुसरा: काल बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे रंगाचं असलं काही नसेल ना?" मी छातीठोकपणे 'छे!' म्हणणार, तोच आईने स्थळांसाठी केलेला माझा माहितीचा कागद आठवला. त्यात तुमच्या वळणदार अक्षरात 'वर्ण: निमगोरा' असं लिहिलंय. मामा, मी सावळी आहे, आणि उन्हाळ्यात तर चक्क काळी. पत्राचं खरं कारण हेच. 'सावळी' असंही लिहू नका. तो रकानाच खोडा.

ता. क. तिसरा: खोडायला बसाल तेव्हा फोटोही बदला. तो ताईचा आहे, आणि तिला दोन मुलं आहेत.