वळ गावच्या गोडाऊनची ऑफिसबाई

४ फेब्रुवारी २००८
जमीन दिली तेव्हा कंपनीने कागदावर लिहून दिलं होतं, घरटी एक नोकरी. वर्षभराने हे गेले. चार वर्षं झाली त्याला. आता आमच्या भाताच्या खाचरावर गोडाऊन उभं आहे आणि नोकरी माझी. उद्या अकराला फोनवर इंटरव्ह्यू. रजिस्टरांचं काम मागणार. शाळा चौथीपर्यंत, पण वाचनालयातलं एकेक पुस्तक दोनदा वाचलंय. गोडाऊनमध्ये एवढं वाचलेलं दुसरं कोण असणार?

५ फेब्रुवारी, सकाळी १०
इस्त्रीची साडी नेसून बसलेय. धाकटी जाऊ मैना दारातून म्हणाली, "फोनात साडी दिसते काय गो बाय?" तिला काय समजवायचं!

दुपारी १
फोन पावणेबाराला. अंधेरीच्या ऑफिसातली पोरगी. स्वतःचं नावही सांगितलं नाही. विचारलं, यहाँ काम क्यों करना है? सविस्तर सांगितलं. हे कसे गेले, मग वाचनाने कसं सावरलं. दहा मिनिटं. मध्येच ती कोणाला तरी म्हणाली, "मेरा वेज पुलाव, रायता अलग." मी थांबले. तर म्हणे, "बोलिए बोलिए, सुन रही हूँ." असली माणसं आमची परीक्षा घेणार!
पतीचं नाव विचारलं. आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, तो असो वा नसो. म्हटलं, समोर यादी आहे ना, वाच. शेवटी "थँक यू मॅम". दबली.

८ फेब्रुवारी
फोन नाही. पगार ठरवत असतील. खुर्ची मागच्या खिडकीपाशी मागायची. तिथे आमचं खळं होतं.

११ फेब्रुवारी
बालवाडीतलं मदतनिसाचं काम सोडलं. बाईंनी विचारलं, तिकडचं पत्र आलं का? म्हटलं, माझ्यासारखीला पत्र लागत नाही. मैना म्हणाली, "येडी झालीस काय गो? हातातला कशाला सोरलास?" जळते.

१३ फेब्रुवारी
मीच फोन लावला. "आप कौन?" एवढ्या माणसांत एकटी मी लक्षात राहण्यासारखी, तीही राहिली नाही. डोकं लागतं त्याला.

१५ फेब्रुवारी
तीच पोरगी. मी आवाज ओळखला, तिने नाही. म्हणाली, "रामनाथजी को फोन दीजिए. नौकरी उनके नाम पे है. आज उन्होंने हाँ नहीं बोला तो लिस्ट बंद."
म्हटलं, ते वारले. चार वर्षं झाली. तुला सांगितलं होतं.
मागे कीबोर्ड वाजत होता.
"ओके मॅम. तो घर कब तक आएँगे?"

संध्याकाळी, मी म्हटलं.
तिने लिहून घेतलं. सहापासून ओट्यावर बसलेय.