अंजलीसाठी वाचताना

गंगापूर रोड, नाशिक
१९ जानेवारी

प्रिय सुवर्णाताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरायची म्हणजे दिवसभर उभंच राहावं लागतं. शेखरदाजींना सांग, जेवल्यावर तरी थोडं बसू देत म्हणावं. मी बरी आहे. खोलीतल्या मुली चांगल्या आहेत, डबाही ठीक असतो. थंडी मात्र यंदा हाडात शिरते.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू काही विचारलंस की मी विषय बदलते. कागदावर ते जमत नाही.

तू अंजलीची चौकशी केली होतीस. नाशिक रोडला राहणारी माझी वर्गमैत्रीण, जिला दिसत नाही ती. तिला वकील व्हायचंय. पहिल्या वर्षी कॉलेज सुटलं की मी तिच्या घरी जाऊन राज्यशास्त्राची पुस्तकं मोठ्यानं वाचायचे. तिची आई, भिमाकाकू, चहा ठेवून दारात बसायच्या आणि त्याही ऐकायच्या. अंजलीला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, तेव्हा काकूंनी पहिला पेढा मला दिला.

यंदा बिघडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दिवसभर रील बघत पडायचे, तू ओरडलीही होतीस. कॉलेज सुरू झाल्यावर पुस्तक उघडलं तर नजर ओळीवर टिकेना, घसरून पानाच्या खालीच जायची. लांबलचक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असायची. फोन वाजला नसला तरी हात तिकडे जायचा. चार ओळी सुटल्या तर अंजलीला काय कळणार, असंही वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

तिला सगळं कळत होतं. एकदा तिनं थांबवून विचारलं, आत्ता काय वाचलंस ते सांग. मला सांगता आलं नाही. दमली असशील, म्हणाली. मी हो म्हटलं.

मग चाचणी झाली. त्यात जो प्रश्न आला, त्याचं उत्तर मी वाचताना गाळलेल्या पानांवर होतं. हे आम्हाला नव्हतंच, असं तिनं लेखनिकाला सांगितलं आणि प्रश्न सोडून दिला. नंतर सरांनी तिला ती पानं वाचून दाखवली. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती शांतच होती.

"मी चिडलेले नाही," ती म्हणाली. "पण वाचता वाचता तू निघून जातेस. आवाज इथं राहतो, तू नसतेस. मला परीक्षा द्यायचीय, वेदिका."

तिच्या वडिलांनी तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. पानाचा फोटो काढला की ते वाचून दाखवतं. उच्चार वेडेवाकडे, पानाचा आकडाही वाक्यात घालतं, पण एक ओळ सोडत नाही. फोनच तो, माझ्या फोनसारखाच.

तुला मी काय सांगितलं होतं? अंजलीला आता माझी गरज लागत नाही, छान झालं.

ताई, पहिल्या सत्राचा निकाल लागला नाही असंही मी तुला सांगत आले. तो लागलाय. दोन विषयांत मी नापास आहे. पेपर अवघड नव्हते. अभ्यासाला बसायचे, पण एक पान पुरं होत नव्हतं. परीक्षेतसुद्धा प्रश्न अर्धा वाचूनच लिहायला लागले.

हे मी आधी अंजलीला सांगितलं. तिनं माझा फोन मागून घेतला, काकूंकडे दिला आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. एक परिच्छेद मनात वाच, पुस्तक मिट आणि मला सांग, म्हणाली. मी सांगितलं. तिचं ते ॲपवर ऐकून पाठ झालेलं होतं.

"यातलं निम्मं तुझ्या मनाचं आहे. परत वाच."

परत वाचलं, परत चुकलं. डोकं दुखायला लागलं, उठून पळून जावंसं वाटलं. पुन्हा वाचलं. या वेळी तिनं चूक काढली नाही. "पुढचा," एवढंच म्हणाली.

आता मी एक दिवसाआड जाते. कधी एक परिच्छेद होतो, कधी दोन. उन्हाळ्याच्या परीक्षेपर्यंत ते विषय निघतील की नाही, सांगता येत नाही.

येत्या रविवारी मी घरी येतेय. तूही ये. आपल्या नानांना मीच सांगणार आहे. ते माझा फोन मागतील. पेपर कडक तपासतात वगैरे सांगून माझी बाजू घेऊ नकोस. फक्त शेजारी बस.

दाजींना नमस्कार.

दोन विषयांत नापास झालेली,
तुझीच
वेदिका