शेगडीवरची लांब तुळई

हेक्सम, डिसेंबर

प्रिय हेस्टरताई,

धाकट्याचा थंडीनं आखडलेला नमस्कार. प्रकृती ठणठणीत, काळजी नसावी.

दिवाणखान्यात भिंतीशी लाकडं जाळायची नवी शेगडी बसली. तिच्या वर भिंतीत बसवलेली जुनी फळी अगदीच दीनवाणी दिसू लागली, म्हणून शेजारच्या सायलसकडून ओकची प्रशस्त तुळई बसवून घेतली.

"अरे बाबा, एवढ्या लांब तुळईवर मांडणार काय?" त्यानं विचारलं.

"नाताळची कार्डं!" मी ऐटीत म्हणालो.

आजवर दोन आली. एक शेगडीवाल्याचं, दुसरं सायलसचं. तेही बहुधा करुणाबुद्धीनं. लग्न झाल्यापासून सगळ्यांना कार्डं ग्रेसच धाडायची. ती निवर्तल्यावर कळलं, मित्रही तिचेच होते.

तुझे गुडघे काय म्हणतात? खोली आता छान उबदार असते. यंदा कार्ड पाठवू नकोस, ताई. तूच ये.

तुझा,
ऑसवल्ड