पुलावरून काढलेलं अंबरनाथ

५ मार्च २००६, रविवार
संजीवनी, हे तूच लिहिणार आणि तूच मला वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते. दूध गॅसवर ठेवून विसरणारी सून तू आहेस. सासूच्या डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. वही तुझ्यासारख्यांना लागते. मला फक्त ऐकायला बरं वाटतं.

तर जयदेव आला होता, बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेला. पिशवीत जुने फोटो. अंबरनाथ स्टेशनच्या आजूबाजूच्या बिल्डिंगा, साठ-पासष्ट सालच्या. आता त्यातली एकही उभी नाही. चौदा एप्रिलला, जयंतीला विहाराच्या हॉलमध्ये लावणार. कुठली बिल्डिंग कुठली, कोणाला सांगता येत नाही. जो ओळखेल त्याचं नाव फोटोखाली छापणार.

छापणार म्हणजे मशीनवर का, विचारलं. हो म्हणाला.

माझं नाव आजवर कुठं छापलेलं नाही. रेशनकार्डावर पेनाने आहे, ते धरत नाही. स्टेशनसमोर भाजीची पाटी घेऊन जन्म काढला, मी नाही ओळखणार तर कोण? माझ्या शेजारी भाजी विकायची त्या बनूबाईकडे जाऊ नको म्हटलं, तिची नजर गेली.

ठरवलं. बुधवारपर्यंत सगळे फोटो संपवायचे.

८ मार्च, बुधवार
फोटो बघितले. नुसती छपरं. बिल्डिंगचा फोटो समोरून काढावा. हा न्हाव्यासारखा डोक्यावरून काय काढतो?

तरी पहिला ओळखला. दाणेवाल्याचं दुकान. दुसरा, तेच, दाणेवाल्याचं दुकान. तिसऱ्याला संजीवनी म्हणाली, आत्या, हापण दाणेवालाच का?

दुकान मोठं होतं.

१२ मार्च, रविवार
चष्म्याचा दोष. उल्हासनगरला गेलो, तिथं स्वस्त पडतो. सिंधी दुकानदार म्हणाला, अम्मा, नंबर तो बराबर है. मी म्हटलं, अरे दिसतंय सगळं, ओळखू येत नाही. तर म्हणतो, उसका चष्मा मैं नहीं रखता. आगाऊ.

संजीवनी हसली. हसणं लिहू नकोस.

१९ मार्च, रविवार
जयदेवला दाणेवाल्याची सगळी माहिती दिली. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मधली फुटकी, तिथंच माझी पाटी टेकलेली असायची. डाव्या हाताला गटार. शेठच्या चपला करकरायच्या, पायाचा अंगठा हा एवढा जाड. जयदेव लिहून घेत होता. वा मावशी, वा मावशी.

मग विचारतो, मजले किती होते?

एक, म्हटलं.

फोटोत दोन आहेत म्हणाला. मी म्हटलं, नंतर चढवला असेल. तर म्हणतो, मावशी, फोटो तेव्हाचाच आहे ना. बारीकसारीक धरत बसायची सवय, म्हणून हा शेवटपर्यंत क्लार्कच राहिला.

२६ मार्च, रविवार
बनूबाई आली. बोलावलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंय, मला सांगितलंसुद्धा नाही. फोटो हातात घेतले आणि सुटलीच. हे लॉजचं कौलारू. हे बेकरीचं धुराडं. ही डॉक्टरची गच्ची, बघ, बायकोने पापड टाकलेत. जयदेवची मान नुसती हलतेय.

मग माझ्याकडे वळून म्हणते, रखमे, हे फोटो स्टेशनच्या पुलावरून काढलेत गं. तू कधी पुलावर चढलीस?

संजीवनी, नीट लिही. आमचं भांडण झालं त्या उन्हाळ्यात बनूबाई पाटी घेऊन पुलावर बसायला गेली. वारा लागतो म्हणे. मी माझ्या पायरीवरच. पलीकडे जायचं तर रूळ ओलांडून जायचे, सगळेच जायचे. डोक्यावर पाटी घेऊन पूल कोण चढतं? बनूबाई चढायची, ते लिहू नकोस.

घाबरत वगैरे नाही मी. उंचावर मला करमत नाही, एवढंच.

२ एप्रिल, रविवार, सकाळ
ठरवलं. आज पुलावर जायचं, वरून बघायचं, सगळं आठवणार.

संध्याकाळ
चढले. संजीवनी म्हणते पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नाही. आनंदनगरच्या फॅक्टरीत डबे मोजून मोजून हिला खोड लागलीय. चप्पल सटकत होती माझी. कठडा धरून मान वर केली. नव्या बिल्डिंगा, काळ्या टाक्या, टीव्हीच्या थाळ्या. बघण्यासारखं काही शिल्लकच नाही, मग उगाच वर कशाला जायचं?

९ एप्रिल, रविवार
सगळे फोटो बनूबाईच्या नावावर गेले. एकच उरला, पुलाच्या दुसऱ्या बाजूचा. तिकडे तिची पाठ असायची, तिला सांगता येईना. मी लगेच सांगितलं, दाणेवाल्याचं दुकान.

जयदेव म्हणाला, नक्की ना मावशी?

मी म्हटलं, आडनाव नीट छाप. साळवे.

आनंदाने जेवण गेलं नाही. थोडंसं गेलं.

१४ एप्रिल, शुक्रवार
पांढरी साडी नेसून गेले. फोटोखाली पट्टी. संजीवनीने बोट ठेवून वाचलं, मग मीपण तिथं बोट फिरवलं. माझं नाव एवढं लांब असेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हरिचंद्र आला, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता तो. चष्मा वर केला, फोटोला नाक लावलं आणि भर हॉलमध्ये ओरडला, अरे, ही तर स्टेशनची मुतारी!

सगळा हॉल हसला. बनूबाई भिंतीकडे तोंड करून उभी, पण पाठ हलत होती. मी म्हटलं, दाणेवाल्याचं दुकान आहे. तू कधी आत गेला होतास का? हरिचंद्र म्हणाला, रोज. मागचे म्हातारेसुद्धा म्हणाले, आम्हीपण.

जयदेव बिचारा जवळ आला. मावशी, पट्टी काढून टाकू का?

मी म्हटलं, वरचं काय बदलायचं ते बदल. खालच्या नावाला हात लावायचा नाही.

बदललं त्याने. संजीवनीने वाचून दाखवलं. स्टेशनची मुतारी. ओळख, रखमाबाई साळवे.

बुद्धपौर्णिमेपर्यंत फोटो तिथंच आहेत. कोणी नाव काढेल म्हणून उद्यापासून मी दिवसभर त्याच्याखाली बसणार. बनूबाई म्हणते, मीपण बसते, लोकं काय काय म्हणतात ते ऐकायचंय. बसू दे. दुपारी डबा पाठव. बाजरीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, फोडलेला कांदा. दोघींपुरतं पाठव, आणि तिच्या चटणीत तिखट कमी टाक, तिला सोसत नाही.