मिशीआडचा ओठ

सूनबाई,

काल तुझी पाच महिन्यांची गरोदर बहीण आली, तर तू आधी घरातलं स्टूल माळ्यावर टाकलंस. "मी पाचव्यात पडदे लावायला चढले आणि बाळाचा ओठ दुभंगला," असं तू तिला सांगितलंस. ते वाक्य मूळचं माझं. बाळाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच ते तुझ्या तोंडावर फेकलं होतं.

आज बाळाच्या ओठाचे टाके दाखवायला गेलो. तू औषधं आणायला गेलीस, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, सुनेला दोष देऊ नका. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमाराला सांधला जातो. पाचव्यात स्टूलवर चढून तो फाटत नाही. कधीकधी हे घराण्यातून येतं. तुमच्याकडे कुणाला होतं?"

"छे, कुणालाच नाही," मी म्हटलं.

दर रविवारी तुझ्या सासऱ्यांच्या मिशा मी कातरते. त्यांच्याखाली शिवलेला ओठ आहे. तो तुझ्या नवऱ्यानंही पाहिलेला नाही. लग्न झाल्या झाल्या ह्यांनी मला स्वतःच्या जिवाची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. आता बोलले तर नवरा जातो, गप्प बसले तर तू जळतेस.

संध्याकाळी हे नातवाच्या टाक्यांवरून हलकेच बोट फिरवत होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. बोलले, पण तुला: "स्टूलवर चढायला नको होतंस, पोरी."

"चुकलंच माझं, बाबा," तू म्हणालीस.

उद्या रविवार. कात्री माझ्याच हातात असेल, आणि ओठाच्या कडेशी आली की हात आपसूक थांबेल.

तुझी अपराधी,
सासू