चौतिसावा फटका

मंगळवार, ३ सप्टेंबर १९५७

पहिला आला तो ऑरिन! मला वाटलं होतं हाल्मर येईल, कारण आलुबुखाराच्या केकचा वास त्याला पार डेअरीत लागतो. पण नाही, ऑरिनच. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून उरलेली उद्या म्हणाला की काय, कोण जाणे — कानावर साबण तसाच होता. मग हाल्मर आला, डेअरीतले पांढरे बूट घालूनच. फरशी सकाळीच पुसली होती. असो.

दरसालचंच आहे हे. बेसबॉलच्या हंगामाचा शेवटचा सामना सोमवारी होतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात ठरतं, वर्षाचा सगळ्यांत मोलाचा खेळाडू कोण. इथेच, कारण स्कोअरची वही माझ्याकडे. ठरवणारे तिघं — ऑरिन, हाल्मर आणि माझा नवरा पेडर. मी कॉफी ओतायची, आणि विचारला तर आकडा सांगायचा. यंदा पेडर नाही. मार्चमध्ये गेला. घर इतके महिने कसं गप्प गप्प होतं. आज कपबशा वाजल्या, हाल्मरने टेबलावर मूठ आपटली, आणि मला इतकं बरं वाटलं की केक कापायचाच विसरले.

हाल्मरचं मत आमच्या वर्लिनला. माझा नातू म्हणून नाही — चौऱ्याऐंशी वेळा बॅट धरली पोराने आणि बेस गाठून देणारे चौतीस फटके! हजारामागे चारशेच्या वर पडतात. ऑरिनचं मत एमिल रुस्टादला. एमिल कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून बॉल अडवणारा, अडतीस वर्षांचा, नऊ उन्हाळे उकिडवा बसलाय. उठतो तेव्हा त्याचे गुडघे मला माझ्या बाकावर ऐकू येतात.

जिंकेल त्याचं नाव मैदानावरच्या फळीवर रंगवतात. आणि क्लब शहरातल्या मोठ्या संघाला चिठ्ठी लिहितो, याला एकदा बघा म्हणून. वर्लिन एकोणीसचा. त्या चिठ्ठीपायी पोरगं जिना चढतानाही बॅट फिरवतंय, दिव्याची काच फोडली. एमिलला चिठ्ठी घेऊन काय करायचंय? पण त्याचा हा शेवटचा हंगाम. फळीवर नाव लागलं तर आत्ताच.

एक मत इकडे, एक तिकडे. दोघं फुगून गेले. उद्या येतो म्हणाले.

बुधवार, ४ सप्टेंबर

आले! आज हाल्मर पहिला.

ऑरिनचं म्हणणं, मोलाचा म्हणजे ज्याला काढला की सगळं कोसळतं तो. मला वही काढायला लावली. एमिल शेतात ओट्स कापायला गेला होता ते दोन सामने — दोन्ही हरलो. बदली कॅचरच्या हातून अकरा बॉल मागे सुटले, बॉल टाकणारा पिचर बिचारा रडकुंडीला आला. आणि वर्लिनचं मनगट सुजलं होतं ते दोन सामने? दोन्ही जिंकलो. जेमतेम, पण जिंकलो.

हाल्मर म्हणाला, सामने धावांनी जिंकतात, बॉल अडवून नाही. ऑरिन म्हणाला, तुझ्या डेअरीत कॅन गळायला लागला तर आधी जास्त दूध ओतशील की भोक बुजवशील? मी हसले, तर हाल्मरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूर झाले.

मग तो अगदी हळू म्हणाला, "चारशे, ऑरिन. या गावात चारशे कुणी मारलेत? तू सांग."

शनिवारी बघू म्हणून ऑरिनने टोपी उचलली. मी वही घाईघाईने मिटून टाकली.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दुपारी लोणच्याच्या काकड्या चिरता चिरता डोळा लागला. स्वप्नात बॉल वर गेला तो खाली येईचना. सगळं गाव टोप्या धरून वर बघतंय, पेडरसुद्धा, दाढी केलेला, तरुण. मक्याच्या शेतावर ऊन पिवळं पिवळं, कुणाला घाई नाही. मीच एकटी पेन्सिल धरून बसलेली — काय मांडू?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

लिहूनच टाकते.

सोळा जून. होल्टनच्या संघाबरोबर सामना. वर्लिनचा वाढदिवस. त्याने मारला तो बॉल सरळ तिसऱ्या बेसवरच्या मुलाकडे घरंगळत गेला आणि त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. गाईवासरांनाही कळावं की ती त्या मुलाची चूक. चूक म्हणूनच मांडायची असते, मारणाऱ्याच्या नावावर नाही. बावीस वर्षं मांडत आले. त्या दिवशी ऊन छान होतं, वर्लिन बेसवर उभा राहून कपडे झटकत होता, थेट पेडरसारखा. मी फटका मांडला.

तो काढला की तेहतीस. तीनशे त्र्याण्णव.

शनिवार, ७ सप्टेंबर

दोघं एकदमच आले, वाटेत भेटले असणार. केकचा पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, वही उघडून दाखवली. हाल्मरचा काटा तोंडाजवळच थांबला. ऑरिनने टोमणासुद्धा मारला नाही, म्हणजे बघा.

हाल्मर म्हणाला, "मत माझं वर्लिनलाच आहे, वहिनी. पण आता ओरडून नाही सांगता येणार."

पुन्हा एकास एक. मी म्हटलं, वही घेऊन जा, दुसरं कुणी बघा. ऑरिनने वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "पेडरचं मत कुणीतरी द्यायला हवं ना? तुम्ही द्या."

बावीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. केक राहिलेला सगळा त्यांच्याबरोबर बांधून दिला.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चच्या आधी, न्याहारीला, वर्लिनला सगळं सांगितलं. सोळा जूनचं. आणि माझं मत एमिलला आहे, हेही. त्याने अंड्यावर मीठ घातलं. मग म्हणाला, "तो फटका नव्हता हे मला तेव्हाच ठाऊक होतं, आजी. मला वाटलं तुला दिसेनासं झालंय. बोललो असतो तर वही काढून घेतली असती तुझ्याकडून."

अख्खा उन्हाळा गप्प राहिला पोरगा — माझ्यासाठी!

ठरवायचं काही उरलं नाही, तरी हाल्मर आणि ऑरिन येत्या गुरुवारी येतो म्हणालेत, चार वाजता.