नोनाच्या दोन नाती आणि रोमचं कोर्ट

फ्लोरेस दा कुन्या,
१४ जुलै २०१९

प्रिय इनेस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल. यंदाचा हिवाळा कडक आहे; परवा दव गोठलं आणि सगळा कोबी करपला. द्राक्षांची छाटणी अर्धी झालीय. तुझे भावोजी गुडघ्याच्या नावाने दिवसभर कुरकुरतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुझा जोसिमार बरा असेल.

पत्र कामाचं आहे, भलता अर्थ काढू नकोस. सोबत वकीलबाईंचं मुखत्यारपत्र आहे, त्यावर तुझी सही हवी. चार वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

ह्यांना इटलीचं नागरिकत्व हवं होतं. इटालियन मंडळाचा अध्यक्ष आणि खिशात ब्राझीलचा पासपोर्ट, ही म्हणे नामुष्की. शेवटी पणजोबांचे दाखले घेऊन आम्ही कासियसला वकीलबाईंकडे गेलो. मी फक्त फाइल धरायला. बाईंनी दाखले चाळले आणि चष्मा काढला.

"सेन्योर वाल्मोर, तुमचे पणजोबा त्रेन्तोच्या डोंगरातले. ते निघाले तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य होतं. तिथल्या लोकांसाठी वेगळी मुदत दिली होती, ती केव्हाच संपली."

"म्हणजे मी कोण?"

"तुम्ही ब्राझिलियन. पणजोबा ऑस्ट्रियन."

इनेस, ह्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस! घरी येईपर्यंत गाडीत एक गाणं नाही. रात्री मक्याच्या पोलेंताचं ताट पुढे सरकवलं तर म्हणतात, "हे ऑस्ट्रियात खातात का गं?"

पण निघता निघता बाईंनी मला विचारलं, "आणि तुमच्याकडचं कोणी?" मी म्हटलं, आमची नोना, म्हणजे आजी, तिच्या आईच्या कडेवर बसून इटलीतल्या बेल्लुनोहून आली. बाई ताडकन सरळ बसल्या. नोनाने आपल्या आजोबांशी, म्हणजे खेचरं हाकणाऱ्या ब्राझिलियन माणसाशी लग्न केलं. तेव्हाच्या कायद्याने परक्याशी लग्न केलं की बाईचं नागरिकत्व जायचं, आणि आईकडून मुलांना काही मिळायचंच नाही. वकिलातीत अजून तेच धरून बसतात, म्हणून दावा रोमच्या कोर्टात लावायचा. बाई म्हणाल्या, "तिथले न्यायाधीश मानतात, की लग्न केलं म्हणून बाई आपल्या माणसांतून उठत नाही."

हे ऐकून मी तिथेच रडले. ह्यांना वाटलं, आनंदाने.

तुला आठवतंय ना मंडळाचं ते जेवण? ह्यांनी सगळ्यांदेखत जोसिमारची खुर्ची ओढली, "हे टेबल इटालियनांचं आहे" म्हणाले. तू स्वतः केलेल्या, सारण भरलेल्या आग्नोलिनीच्या सूपाचं पातेलं उचललंस, नवऱ्याला घेतलंस आणि चालती झालीस. चाळीस माणसं चमचे हातात धरून बसली होती. मंडळात अजून कोणी सूपाचं नाव काढत नाही. मला तुझा राग कधीच आला नव्हता गं. अभिमानच वाटला.

आता पुढची गंमत. मला नागरिकत्व मिळालं की माझा नवरा म्हणून ह्यांना अर्ज करता येतो. पण इटालियनची परीक्षा द्यावी लागते. ह्यांनी शिकवणीला जाऊन मास्तरीणबाईंसमोर छाती काढून भाषण ठोकलं. ती पोर गोंधळून म्हणाली, "आजोबा, फार गोड बोललात. पण ही भाषा कुठली?" घरात बोलतो ती आपली बोली तिकडे चालत नाही म्हणे.

तुला मिळालं तर जोसिमारलाही हाच नियम. मी ते ह्यांना सांगितलं.

"तो आणि मी एकाच बाकावर?"

"हो."

हे मग छाटणीची कात्री पुसत म्हणाले, "निदान शेजारी एक ओळखीचा माणूस तरी असेल."

ह्यांच्या तोंडून याहून मोठी माफी निघायची नाही, तू ओळखतेस. पण जोसिमारला ती पुरेशी वाटली नाही, तर मी ह्यांना त्याच्यासमोर उभं करून नीट शब्दांत मागायला लावीन. तसं मी बजावलंय.

आता खरं सांगते. तुझ्या सहीची काही गरज नाही. ज्याचा त्याचा दावा वेगळा लावता येतो, बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्याकडे माझे सगळे कागद तयार पडलेत. "मग थांबलात कशाला?" असं त्या दर आठवड्याला विचारतात. ह्यांना मात्र वाटतं, कायद्यानेच दोघी बहिणी लागतात. वाटू दे.

सही टपालाने पाठवू नकोस. इथे येऊन, माझ्यासमोर कर, जोसिमारला घेऊन. यायचं नसेल तर कागद फाडून टाक. नोनाच्या एकाच नातीचं नाव मी रोमला पाठवणार नाही.

तू येईपर्यंत ब्राझिलियनच राहणारी
तुझी ताई,
सालेते